कामाच्या ठिकाणची प्रथमोपचार परीक्षा : तयारी काय करावी, कशी करावी

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाची तयारी सुरू झाली की माझ्या ओपीडीत एक ठरलेला प्रश्न येतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात आणि खुर्चीवरून उठता उठता माणूस विचारतो, "डॉक्टर, फर्स्ट एडच्या परीक्षेला माझं नाव दिलंय. काय वाचू?" कधी हा प्रश्न बायको विचारते, कारण नवरा मंचरहून रोज चाकणला कामाला जातो आणि रात्री पुस्तक हातात घेतले की त्याचा डोळा लागतो. कधी मुलगी विचारते, "पप्पांना भीती वाटतेय, शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली त्यांना."

हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे. जुन्नर-आंबेगावात दवाखाना चालवणारा एक साधा एमबीबीएस डॉक्टर आणि अधूनमधून अशा परीक्षांना परीक्षक म्हणून बसलेला माणूस, या दोन्ही नात्यांनी मी तो लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. पाठांतर कमी पडले म्हणून इथे फारसे कोणी नापास होत नाही. लोक अडतात ते क्रम चुकल्यामुळे, आणि घरी लहानपणापासून पाहिलेले चुकीचे उपाय ऐन वेळी तोंडातून निघून गेल्यामुळे. म्हणून तयारीतला निम्मा वेळ नवे शिकायला द्या आणि निम्मा जुने विसरायला.

परीक्षा असते कशाची?

कारखान्यांसाठी ही गोष्ट १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आली आहे. त्या कायद्याच्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवायला सांगितले. ती पेटी ज्याच्या ताब्यात असेल, त्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेले प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र हवे आणि कामाच्या वेळेत तो हाताशी हवा, असेही सांगितले. कामगार ५०० पेक्षा जास्त असतील तर ॲम्ब्युलन्स रूम हवी. म्हणजे पारगावचा भीमाशंकर साखर कारखाना असो, जुन्नरचा विघ्नहर असो की चाकणच्या एमआयडीसीतली एखादी कंपनी, तुमचे नाव साहेबांनी सहज म्हणून दिलेले नाही. त्या पाळीत अपघात झाला तर कायद्याच्या नजरेत पहिला माणूस तुम्ही आहात.

आपल्याकडे पुष्कळ जण हे प्रमाणपत्र सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या अभ्यासक्रमातून घेतात. आधी वर्ग होतात, मग परीक्षा. थोडे लेखी किंवा तोंडी प्रश्न असतात आणि मुख्य भाग प्रात्यक्षिकाचा असतो: पुतळ्यावर सीपीआर, पट्ट्या बांधणे आणि "समजा असं झालंय, तू काय करशील?" असा एखादा प्रसंग. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, मग उजळणी करून नवे घ्यावे लागते.

ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी घाबरू नये. शुद्धलेखन कोणी तपासत नाही. हात बरोबर चालले आणि चालवताना काय करतो आहोत ते बोलत राहिलात, तर परीक्षकाचे समाधान होते. मोठ्याने बोलत काम करण्याची सवय घरापासूनच लावा. परीक्षकाला तुमच्या मनातले दिसत नाही.

पहिली दहा सेकंदे

माझा आवडता प्रश्न असा: "वेल्डिंग करणारा माणूस खाली पडलाय. होल्डर अजून त्याच्या हातात आहे. पुढं?" बरेच जण लगेच गुडघे टेकतात आणि त्याचा खांदा हलवू लागतात. माझ्या दृष्टीने तिथे एकाऐवजी दोन रुग्ण झाले.

उत्तराची सुरुवात नेहमी एकाच वाक्याने करा: "आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहतो." मग त्या जागेला काय लागू आहे ते सांगा. विजेचा धक्का असेल तर मेन स्विच बंद. घरगुती दाबाची लाइन असेल आणि स्विच सापडत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून सुक्या लाकडाने वायर दूर करता येते. उच्च दाबाच्या तारेला मात्र लाकूडही लावायचे नाही. लांब थांबायचे आणि महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यायचा. यंत्रात हात अडकला असेल तर यंत्र बंद. रस्त्यावर असाल तर येणाऱ्या गाड्यांना आधी इशारा.

यातला सगळ्यात घातक प्रकार बंद जागेचा आहे. मळीची टाकी, सेप्टिक टँक, बायोगॅसचा खड्डा, बरीच वर्षे झाकून ठेवलेली विहीर. आत एक जण बेशुद्ध पडला की भाऊ त्याला काढायला उतरतो, त्याच्या मागे चुलता उतरतो, आणि वर एकही परत येत नाही. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. आत प्राणवायू नसतो किंवा विषारी वायू असतो. नाकाला ओला रुमाल बांधून त्यावर काही उपाय होत नाही. परीक्षेत इथले बरोबर उत्तर ऐकायला निष्ठुर वाटते, पण तेच बरोबर आहे: "मी आत उतरणार नाही. कोणाला उतरू देणार नाही. अग्निशमन दल आणि १०८ ला फोन करतो, बाहेरून हवा सोडता आली तर सोडतो."

जागा सुरक्षित झाली की रुग्णाला हाक मारा, खांद्यावर थोपटा. प्रतिसाद नसेल तर मदत बोलवा. "कोणीतरी फोन करा" असे म्हणू नका, कोणीच करत नाही. बोट दाखवून, नाव घेऊन सांगा: "संतोष, तू १०८ ला फोन लाव आणि लागला की मला येऊन सांग."

फोनवर काय सांगायचे

यावर दोन-चार गुणांचा प्रश्न हमखास असतो आणि लोक तो सोपा समजून सोडून देतात. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ११२ हा सर्व आणीबाणींसाठीचा क्रमांक आहे. दोन्ही पाठ हवेत.

त्याच वर्षी ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव गेले हे पहिल्यांदा लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. रोजच्या फेरीला तो तिथे पोहोचला, आणि जिथे घरे असायची तिथे चिखल होता. खबर त्याने बाहेर नेली. तोही कामावरचाच माणूस होता. मी वर्गात हे सांगतो, कारण नीट खबर पोहोचवणे हा प्रथमोपचाराचाच भाग आहे.

खबर अशी द्या: कुठे, काय झाले, किती जण, त्यांची अवस्था काय, तुमचा नंबर काय. पलीकडचा माणूस ठेवेपर्यंत तुम्ही फोन ठेवू नका. "कंपनीजवळ या" हा पत्ता होत नाही. "पुणे-नाशिक रस्ता, कळंब सोडल्यावर नाशिककडे जाताना अमुक फाटा, डाव्या हाताला निळ्या पत्र्याची शेड" असा पत्ता द्या आणि एका माणसाला फाट्यावर उभा करा. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतो आणि सगळीकडे रेंज नसते. तिकडे काम असेल तर रेंज कुठे मिळते आणि कोणाची गाडी हाताशी आहे, हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले असावे.

सीपीआर : इथे घाई नको, पण थांबूही नका

प्रतिसाद नसलेल्या माणसाचा श्वास तपासायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका. डोके मागे, हनुवटी वर, नजर छातीवर. आता फसवणारी गोष्ट. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटे माणूस आचके देतो, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसा. पाहणाऱ्याला वाटते की श्वास चालू आहे. तो श्वास नाही. श्वास नाही किंवा असे आचके आहेत, म्हणजे सीपीआर सुरू.

रुग्ण कठीण, सपाट जागेवर उताणा. एका तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मध्यावर, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर. दुसरा हात त्यावर. कोपरे सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाब, मग दोन श्वास, मग पुन्हा ३०. दोन मिनिटांनी दाबणारा बदला, कारण थकलेल्या माणसाला कळत नाही की त्याचे दाब उथळ होत चालले आहेत. तोंडाने श्वास देता येत नसेल किंवा द्यायचा नसेल तर नुसते दाबत राहा. भारतात सामान्य माणसांना केवळ छाती दाबण्याचेही प्रशिक्षण दिले जाते. फरक लक्षात ठेवा: बुडालेल्या माणसात आणि लहान मुलात श्वास देणे जास्त महत्त्वाचे, कारण तिथे मूळ अडचण प्राणवायूचीच असते.

परीक्षेत लोक तीन ठिकाणी चुकतात. कोपरे वाकतात. मोजणी जसजशी पुढे जाते तसतसा वेग वाढतो. आणि तळहात छातीवर टेकलेलाच राहून वजन वरच राहते, त्यामुळे छाती वर येत नाही. तिसरी चूक सर्वांत जास्त आढळते.

सराव घरी कसा करायचा? घरातल्या जिवंत माणसावर कधीही नाही. ज्याचे हृदय चालू आहे त्याची छाती अशी दाबायची नसते, बरगडी मोडू शकते. कपडे गच्च भरलेली शाळेची बॅग किंवा घट्ट लोड जमिनीवर ठेवा आणि त्यावर दाबा. मुलांना घड्याळ धरायला बसवा. पंधरा ते अठरा सेकंदांत ३० दाब झाले पाहिजेत. मुलांना हे काम फार आवडते आणि नकळत तीही शिकतात.

चाकणच्या काही मोठ्या कंपन्यांत भिंतीवर एईडी नावाचे यंत्र असते. त्याला बिचकू नका, ते स्वतः बोलून सांगते. छाती कोरडी करा, चित्राप्रमाणे पॅड चिकटवा, ते "लांब व्हा" म्हणेल तेव्हा सगळे लांब व्हा, नंतर लगेच पुन्हा दाबायला लागा.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, अशा रुग्णाला कुशीवर वळवा म्हणजे उलटी फुफ्फुसात जात नाही. त्याच्या तोंडात पाणी घालू नका. परीक्षकासमोर "त्याला पाणी पाजतो" हे वाक्य आले की माझे पेन आपोआप खाली येते.

रक्त, तुटलेली बोटे

थ्रेशर, कडबाकुट्टी, रोलर, कटर. या दोन तालुक्यांत हाताच्या जखमा आम्हाला भरपूर पाहाव्या लागतात. रक्त थांबवण्याचा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय म्हणजे जखमेवर थेट दाब. हातमोजे घाला, स्वच्छ जाड कापड ठेवा, दाबा आणि दाबून ठेवा. दर मिनिटाला कापड उचलून "थांबलं का" बघू नका, बसत आलेली गुठळी निघते. कापड भिजले तर त्याच्यावर दुसरे ठेवा. जखमेत घुसलेली सळई किंवा काच उपटू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब देऊन ती हलणार नाही अशी पट्टी बांधा.

हातापायातून रक्त उसळून येत असेल आणि दाबून थांबत नसेल, तेव्हाच वर आवळपट्टी. ती रुंद हवी, जखमेच्या चार-पाच बोटे वर हवी, सांध्यावर नको. आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. एकदा माझ्याकडे एक तरुण आला, दंडाला नायलॉनची दोरी आवळलेली. ती कधी बांधली, हे सोबत आलेल्या चौघांपैकी कोणालाही सांगता येईना. एक म्हणाला अर्धा तास, दुसरा म्हणाला दीड तास. पुढच्या डॉक्टरला हा आकडा किती मोलाचा असतो, ते त्या दिवशी मी त्यांना समजावू शकलो नाही. परीक्षेत तुम्ही "वेळ लिहितो" असे म्हणालात की मला बरे वाटते ते यामुळे.

तुटलेल्या बोटाचा प्रश्न विचारला जातोच. बोट थेट बर्फात टाकायचे नाही. दुसऱ्या एका रुग्णाची बोटे अशीच कॅन्टीनच्या स्टीलच्या डब्यात, बर्फाच्या तुकड्यांत घालून आणली होती. आणणाऱ्यांनी जीव तोडून धावपळ केली होती, पण थेट बर्फाने पेशी मरतात आणि जोडायची संधी कमी होते. तुटलेला भाग सलाइनने किंचित ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. पिशवीवर नाव आणि वेळ लिहा. पिशवी रुग्णासोबतच जाऊ द्या, मागच्या गाडीतून नको.

विसरायच्या गोष्टी

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, तूप, हळद. यातले काही नाही. नळाचे वाहते गार पाणी, २० मिनिटे, घड्याळ लावून. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. आम्ल किंवा अल्कली अंगावर उडाली तर आणखी जास्त वेळ पाणी, आणि कोरडी पावडर असेल तर आधी झटकून मग पाणी. डोळ्यात उडाले तर डोळा न चोळता, पापणी उघडी धरून किमान १५ ते २० मिनिटे धुवा. धुतलेले पाणी दुसऱ्या डोळ्यात जाऊ नये अशी मान वळवा.

फिट आली की कांदा, चप्पल, तोंडात चमचा. यातले काही नाही. हातपाय दाबून धरू नका, आजूबाजूच्या कठीण वस्तू हलवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा पहिल्यांदाच आली असेल तर १०८. हा प्रश्न विचारताना मी मुद्दाम जवळ काठी ठेवतो. काही जण तिच्याकडे बघतात.

साप चावला की ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे, घट्ट दोरी, मंत्र. यातले काही नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप लक्षात ठेवायचे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर अनेक वर्षे काम केले आहे, आणि या भागातला माणूस आता मांत्रिकाआधी दवाखाना आठवतो यात अशा कामाचा वाटा आहे. प्रथमोपचार एवढाच: धीर द्या, रुग्णाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर करा, अंगठी-पैंजण काढा, आणि जिथे एएसव्हीचे इंजेक्शन आहे त्या रुग्णालयात पोहोचवा. साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नका. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते आणि जखम दिसतही नाही. उसतोड मजूर पहाटे पोटदुखी सांगू लागला, पापण्या मिटू लागल्या, बोलणे जड झाले, तर दंशाची खूण शोधत बसू नका, निघा.

औषध फवारणाऱ्या माणसाला विषबाधा झाली की मीठ-पाणी पाजून उलटी काढतात. तेही नाही. तोंडातून लाळ, खूप घाम, बाहुल्या बारीक, छातीत घरघर ही कीटकनाशकाची लक्षणे आहेत. मोकळ्या हवेत आणा, हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, अंग आणि केस साबणाने धुवा, औषधाची बाटली किंवा लेबल सोबत द्या. टोमॅटोच्या एका पॅकिंग शेडमधल्या बाईंनी हे तंतोतंत केले होते. तिसरीपर्यंत शिकलेल्या. परीक्षेच्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "साहेब, मला लिहिता यायचं नाही, पण तुम्ही म्हणाल ते करून दाखवते." त्यांनी आणलेल्या रुग्णाच्या खिशात दुमडलेले लेबल होते. मला औषधाचे नाव शोधत बसावे लागले नाही, मी लगेच उपचार सुरू करून त्याला पुढे पाठवले.

जुन्नर वनविभागात बिबट्याचाही विषय निघतोच. बिबट्या असो वा कुत्रा, जोराचा रक्तस्राव थांबवल्यावर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवायची. मिरची, चुना, हळद काही भरायचे नाही. रेबीजची लस दोन्हींसाठी लागते. बिबट्याच्या जखमेला ती लागत नाही असा एक समज आहे, तो चुकीचा आहे.

घास अडकणे, हाड मोडणे, पट्ट्या

घास अडकलेला माणूस खोकू शकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल तर पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, आळीपाळीने. गरोदर बाईला किंवा फार स्थूल माणसाला पोटाऐवजी छातीवर दाब. शुद्ध हरपली की खाली झोपवून सीपीआर.

हाड मोडले असेल तर आहे त्या स्थितीत आधार द्या, सरळ करायला जाऊ नका. पट्टी बांधण्याआधी आणि नंतर बोटांची टोके गरम, गुलाबी आणि हलती आहेत का ते पाहा, आणि पाहिल्याचे मोठ्याने सांगा. मणक्याची शंका असेल तर आग, धूर असा धोका नसताना हलवू नका.

पट्ट्यांची नावे कोणी फारशी विचारत नाही. गळ्यातली झोळी, तळहाताची पट्टी, डोक्याची पट्टी आणि रीफ गाठ एवढे हातात बसले पाहिजे. रीफ गाठ म्हणजे उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. ती सपाट बसते, टोचत नाही आणि सोडवायला सोपी जाते. जुन्या धोतराचा किंवा ओढणीचा त्रिकोण कापून घ्या आणि आठवडाभर रोज जेवणानंतर घरच्यांच्या हाताला बांधा. आजीला चालेल, तिला तेवढाच विरंगुळा.

तोंडी प्रश्नांत अडकवणारे

"पेटीत क्रोसिन ठेवाल का?" नाही. कायद्यानुसार पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज काहीही ठेवायचे नसते. गोळ्या देणे हे तुमचे काम नाही. "रुग्ण दगावला असे कधी ठरवाल?" कधीच नाही, ते डॉक्टर ठरवतो. डॉक्टर येईपर्यंत, रुग्ण हलेपर्यंत किंवा तुमचे हात पूर्ण थकेपर्यंत सीपीआर चालू ठेवायचा. "पेटी कुठे असते?" याला लोक "स्टोअरमध्ये" म्हणतात. मग मी विचारतो, रात्रपाळीला स्टोअरची किल्ली कोणाकडे असते? इथे बहुधा शांतता पसरते.

रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलिसांचा त्रास होईल का, हेही विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा किंवा गुन्हा लावता येत नाही, आणि तुमच्यावर नाव सांगण्याची सक्तीही नाही.

तुम्ही स्वतः रुग्ण असाल तर

गुडघे दुखत असतील, पाठीचे ऑपरेशन झाले असेल, दिवस गेले असतील किंवा अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर हे प्रशिक्षकाला आधीच सांगा. दोन मिनिटे छाती दाबणे हा बऱ्यापैकी श्रमाचा व्यायाम आहे. पुतळा टेबलावर ठेवूनही तंत्र दाखवता येते. पण प्रत्यक्ष अपघातात तुमच्याने ते होणार नसेल, तर पाळीत दुसरा एक प्रशिक्षित माणूस असावा असे लेखी कळवा. यात कमीपणा नाही.

रक्त पाहून चक्कर येणारे पुष्कळ असतात, त्यात मेडिकलचे विद्यार्थीही आले. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बसा किंवा आडवे व्हा. परीक्षेच्या दिवशी उपाशी येऊ नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता बसलेला एक परीक्षार्थी आमच्यासमोरच घामाघूम झाला होता. बाकीच्यांनी त्याला साखर दिली, कारण तो शुद्धीत होता आणि गिळू शकत होता. त्या गटाची त्या प्रश्नाची तोंडी परीक्षा मी घेतली नाही.

आणि तुमच्या घरातले कोणी फिट, दमा किंवा मधुमेह असताना कामावर जात असेल, तर तिथला प्रथमोपचारक कोण आहे हे विचारून घ्या आणि त्याला आजार सांगून ठेवा. दम्याचा पंप कोणत्या खिशात असतो, तेही.

शेवटच्या रात्री नवे काही वाचू नका. बॅगेवर दोन मिनिटे सीपीआर, एक झोळी, १०८ ला द्यायची खबर एकदा मोठ्याने, आणि झोपा. प्रमाणपत्र मिळाले की दुसऱ्या दिवशी पाळीवर गेल्या गेल्या पेटी उघडून बघा. मुदत संपलेल्या वस्तू बदलून मागा, हातमोजे आहेत का पाहा, आणि रात्रपाळीची किल्ली कोणाकडे असते ते विचारा.